‘त्यांना चालतं’ हे वाक्य आधी शोधा

पत्र:

आमची रत्नागिरी तालुक्यात हापूसची बाग आहे, साधारण साडेतीनशे कलमं. सध्या बागेत तीन नेपाळी कामगार आहेत. त्यातल्या एकाची बायको आणि आठ वर्षांची मुलगीही इथंच राहते, मुलगी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. एप्रिलमध्ये वाडीत एका घरातून रोकड आणि तांब्याचा हंडा चोरीला गेला. लगेच वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला, ‘बागेतल्या नेपाळ्यांकडे आधी बघा.’ मला राहवलं नाही. मी लांबलचक मजकूर लिहिला, सगळ्यांना वर्णद्वेषी म्हटलं आणि खाली त्या कामगाराचा मुलीसोबतचा फोटो टाकून लिहिलं, ‘हे आमच्या घरातलेच आहेत.’ तेव्हापासून वाडी माझ्याशी तुटक वागते. बाबा म्हणतात, आपल्याला इथं राहायचंय, तू गप्प बस. आणि ज्याच्यासाठी लिहिलं तो एवढंच म्हणाला, ‘दिदी, फोटो काढा.’ शाळेत त्याच्या मुलीला ‘चिंकी’ म्हणतात हेही आता कळलं. आम्ही घरातले सगळे बागेत येणाऱ्या प्रत्येक नेपाळी माणसाला पहिल्यापासून ‘कांचा’ म्हणतो. मला त्यांच्या पाठीशी नीट उभं राहायचं आहे. माझं कुठं चुकलं?

– एक वाचक, रत्नागिरी तालुका

उत्तर:

फोटो अजून काढला नसेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी तेवढं करा. व्हॉट्सअॅपवर ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करायला साधारण दोन दिवस मिळतात. ती मुदत टळली असणार. मग त्याच ग्रुपवर दोन ओळी लिहा: ‘हा फोटो मी त्यांना न विचारता टाकला होता, ती माझी चूक. कृपया पुढे पाठवू नका, फोनमधूनही काढून टाका.’ बाकी काही जोडू नका. आणि तो बागेत भेटला की त्याला सांगा की असं लिहिलंय. तो ‘ठीक आहे’ म्हणेल. त्याला तुमच्याकडे काम करायचंय, त्यामुळे तो दुसरं काही म्हणण्याची शक्यता कमीच. त्याच्या ‘ठीक आहे’वर फार विसंबू नका.

फोटोनं नेमकं काय झालं ते पाहा. ग्रुपवरचा पहिला मेसेज वाईट होता, पण त्याला चेहरा नव्हता. ‘बागेतले नेपाळी’ म्हणजे कुठल्या बागेतले, कोण, हे मोघम होतं. तुमच्या फोटोनं त्या संशयाला एक चेहरा मिळाला आणि सोबत एका लहान मुलीचाही. असा फोटो वरच्या मजकुरासकट पुढे जात नाही, नुसता जातो. तिसऱ्या गावात तो ‘चोरीतला संशयित’ म्हणून फिरायला एक दिवस पुरतो. त्याला हे लगेच उमगलं, कारण ही भीती त्याच्या रोजच्या जगण्यातली आहे.

अफवेचं गणित महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षा मागत फिरणाऱ्या भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या 5 माणसांना जमावानं ठार मारलं. त्या अफवेला ‘अनोळखी दिसणारी माणसं’ एवढा पुरावा पुरला. म्हणून चोरीच्या बातमीसोबत एखाद्या समाजाचं नाव आलं की वाद घालण्याची घाई नको, वेग कमी करण्याची घाई हवी.

त्याचा क्रम असा. पहिल्या अर्ध्या तासात बागेत फोन करून सांगा की ग्रुपवर असं आलंय, आज संध्याकाळी एकट्यानं दुकानावर जाऊ नका, गेलात तर दोघं जा. मग ज्यानं मेसेज टाकला त्याला फोन करा. मेसेज नको, फोनच, आणि एकांतात. चारचौघांत माघार घ्यायची वेळ आली की माणूस अडून बसतो, फोनवर तोच ‘बरं, काढतो’ म्हणतो. तिसरा फोन पोलीस पाटलांना. गावात असं काही पेटण्याची चिन्हं असतील तर ते ठाण्याला कळवणं त्यांचं कामच आहे. ग्रुपवर लिहायचं ते सगळ्यात शेवटी, आणि फार तर चार वाक्यं: ‘चोरीची तक्रार पोलिसांत दिली आहे का? दिली नसेल तर मी सोबत येते. तपासात अजून कोणाचंही नाव आलेलं नाही. तोवर कोणाकडे बोट दाखवू नये, वरचा मेसेज काढावा ही विनंती.’ यात कोणाला शिवी नाही, कोणाला लेबल नाही, आणि ज्यांचा हंडा गेला त्यांच्या दुःखाकडेही पाठ फिरवलेली नाही. तुमच्या लांब मजकुरात हे शेवटचं राहून गेलं असावं. ज्यांच्या घरी चोरी झाली त्यांना वाटलं, आमचं नुकसान राहिलं बाजूला, हिला गड्यांची पडली आहे.

मेसेज काढला जाण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. तो कोणाला दाखवायला नाही, पुढे गरज पडली तर असावा म्हणून.

आता ‘वर्णद्वेषी’ या शब्दाबद्दल. वर्णद्वेष म्हणजे कातडीच्या रंगावरून केलेला दुजाभाव. इथं तो रंगाचा प्रश्न नाही, तुमच्या बागेतला माणूस कदाचित वाडीतल्या निम्म्या लोकांपेक्षा गोरा असेल. डोळ्यांची ठेवण, चेहरा, उच्चार यांवरून ‘हा आपल्यातला नाही’ असं ठरवून त्याच्याबद्दल आधीच मत बनवणं याला वंशद्वेष हा शब्द जास्त बसतो. पण वाडीच्या ग्रुपवर या दोन्ही शब्दांचा उपयोग शून्य. ऐकणाऱ्याला तो आपल्या चारित्र्यावरचा शिक्का वाटतो, मग चर्चा ‘मी तसा आहे की नाही’ यावर जाते आणि ज्याच्यावर आळ आलाय तो बाजूला पडतो. माणसाला नाव ठेवण्यापेक्षा वाक्याला हात घाला: हे वाक्य खरं आहे का, कशावरून, आणि ते पसरलं तर कोणाचं काय होईल.

तुमच्या पत्रातला आम्हाला सगळ्यात खटकलेला शब्द दुसराच आहे, ‘घरातलेच’. तो मनापासून आला आहे यात शंका नाही. पण कोकणात ‘गडी घरातलाच’ म्हणण्याची जुनी रीत आहे आणि तिच्या आडोशाला बरंच काही लपतं. घरातल्याला पगाराची तारीख नसते, साप्ताहिक सुट्टी नसते, रात्री अकराला हाक मारली तर तो यायचाच. शिवाय घरातल्याचं नाव सातबाऱ्यावर लागतं, ते काही तुम्ही देणार नाही आहात. तेव्हा त्याला कामगारच म्हणा, आणि कामगाराचं जे असतं ते चोख द्या. पाठीशी उभं राहण्याची सुरुवात ग्रुपवर होत नाही, बागेच्या वहीत होते.

एक काम करा. आठवडाभर घरात कान उघडे ठेवा आणि ‘त्यांना चालतं’, ‘त्यांना सवय असते’, ‘त्यांना काही होत नाही’ ही वाक्यं कुठं कुठं येतात ते टिपून ठेवा. आमचा अंदाज आहे की ती फवारणीच्या वेळी येतात, रात्रीच्या राखणीच्या वेळी येतात, मांगरातल्या (बागेतल्या खोपटातल्या) झोपण्याच्या जागेबद्दल येतात, आणि चहाच्या वेगळ्या कपाबद्दलही. वाडीतल्या लोकांनी चोरीचा आळ घेणं आणि घरातल्या लोकांनी हे वाक्य बोलणं, दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: ही माणसं आपल्याहून वेगळ्या मातीची आहेत. पहिलीवर तुमचा ताबा नाही, दुसरीवर आहे.

फवारणीचं घ्या. मोहोर वाचवायला हंगामात पाच-सहा फवारण्या होतात. पंप कोणाच्या पाठीवर असतो? हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना गॉगल आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट दिला जातो का, की ‘त्यांना सवय असते’? कीटकनाशक कातडीतून आत जाताना चेहरेपट्टी पाहत नाही. डब्यावरचा त्रिकोण पाहा, लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल आणि पिवळ्याच्या वेळी मोज्यांशिवाय हात लावू द्यायचा नाही. वारा पाठीवर घेऊन फवारायचं, वाऱ्याच्या तोंडाला नाही. मधे तंबाखू किंवा जेवण नाही. संपल्यावर साबणानं अंघोळ, आणि ते कपडे वेगळे धुवायचे. त्यांचे कपडे त्याची बायको हातानं धुते हेही लक्षात असू द्या. माहितीपत्रक त्याच्यासोबत बसून वाचा. नेपाळी देवनागरीतच लिहितात, त्यामुळे शाळा शिकलेला नेपाळी माणूस आपलं मराठी अक्षर लावू शकतो, अर्थ तेवढा सांगावा लागतो. ही साधी गोष्ट वर्षानुवर्षं बाग करणाऱ्या अनेक घरांना माहीत नसते.

रात्रीची राखण हा दुसरा मुद्दा. फळ धरल्यापासून काढणीपर्यंत बागेत कोणीतरी जागं लागतं आणि ‘नेपाळी माणूस रात्री झोपत नाही’ अशी एक सोयीची समजूत आहे. तो झोपतो. दिवसभर घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन आंबा काढलेल्या माणसाला रात्रीची राखणही दिली की तो झाडावरून पडतो, एवढं साधं आहे. तिघं आहेत तर चार-चार तासांच्या पाळ्या लावा आणि ज्याची मध्यरात्रीची पाळी झाली त्याला सकाळी उशिरा काम द्या. आपल्याकडे फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत, गमबूट आणि चांगला टॉर्च बागेच्या खर्चात धरा, त्यांच्या पगारातून नको. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का ते हंगामाआधी विचारून ठेवा.

‘नेपाळी प्रामाणिक असतात’ हेही या यादीत येतं. ते कौतुक वाटतं, पण ज्या तोंडानं ‘सगळे प्रामाणिक’ येतं त्याच तोंडानं हंडा हरवल्यावर ‘सगळे चोर’ यायला वेळ लागत नाही. दोन्हीत त्या तिघांतला एकही माणूस म्हणून मोजलेला नाही.

हिशोबाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नात्यातली गाठ बहुतेक वेळा इथंच बसते. हंगाम संपत आला, म्हणजे हिशोब दोन-तीन आठवड्यांवर आला आहे. एकसारख्या दोन वह्या करा, एक तुमच्याकडे, एक त्याच्याकडे, आणि प्रत्येक नोंद दोन्हीकडे, दोघांच्या सहीनं. समजा महिना 15,000 ठरला आणि 8 महिने काम झालं, म्हणजे 1,20,000. सुरुवातीला उचल 20,000, मधे घरी पाठवायला 30,000, तर हाती 70,000. हे तोंडी ठेवलं की जूनमध्ये भांडण ठरलेलंच. एक खास अडचण सांगतो. नेपाळमध्ये विक्रम संवताचं सौर पंचांग चालतं, त्यांचे महिने आपल्या इंग्रजी महिन्याच्या मध्याला सुरू होतात. त्याचा ‘असार’ साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत असतो, आपला आषाढ चंद्रावर चालतो आणि दरवर्षी सरकतो. तो म्हणतो ‘असारमध्ये ठरलं होतं’, बाबा आषाढ धरतात, आणि पंधरा-वीस दिवसांच्या पगाराचा फरक पडतो. मग ‘हे लोक हिशोबाला पक्के नाहीत’ असं म्हटलं जातं. वहीत इंग्रजी तारीखच लिहायची, दोन्हीकडे.

पैसे रोख नेण्याऐवजी बँकेतून पाठवायला मदत करा. रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ पैसे पाठवण्याची योजना आहे. त्यात खात्यातून एका वेळी 2 लाखांपर्यंत जातात, खातं नसेल तर रोख भरून 50,000 पर्यंत, वर्षातून 12 वेळा. रत्नागिरीच्या शाखेत पहिल्यांदा कारकुनाला ही योजना आठवत नसेल तर शांतपणे शोधायला सांगा. त्यानं एकट्यानं विचारलं तर ‘नाही होत’ म्हणून परत पाठवतील, तुम्ही शेजारी उभ्या असाल तर संगणकात शोधतील. तुमची अशी सोबत ग्रुपवरच्या मजकुरापेक्षा कितीतरी कामाची आहे. फक्त काउंटरवर बोलायचं त्यानं, तुम्ही शेजारी थांबायचं.

ओळखपत्राचंही बघा. नेपाळी माणसाकडे ‘नागरिकता’ म्हणजे नागरिकत्वाचा दाखला असतो. पोलीस पडताळणीसाठी त्याची प्रत घ्या आणि मूळ कागद त्याच दिवशी परत करा. मूळ कागद मालकाच्या कपाटात ठेवण्याची पद्धत बागांमध्ये आणि बोटींवर दिसते. ‘हरवू नये म्हणून’ असं कारण दिलं जातं, पण त्याचा अर्थ एकच होतो, तो हवं तेव्हा जाऊ शकत नाही. पडताळणी मात्र जरूर करून घ्या. आळ आला त्या दिवशी ‘यांची नोंद ठाण्यात आहे’ हे सांगता येणं फार मोलाचं असतं.

आता नावाबद्दल. नेपाळीत ‘कान्छा’ म्हणजे भावंडांतला सगळ्यात धाकटा. थोरल्याला जेठा, मग माइला, साइला, काइला, आणि शेवटचा कान्छा. त्याच्या आईनं त्याला तसं म्हणावं. पण आपण चाळिशीच्या माणसाला ‘कांचा’ म्हणणं म्हणजे परक्यानं तुमच्या काकांना जन्मभर ‘बारक्या’ म्हणण्यासारखं आहे. तुमच्या पत्रातच एक गंमत दडली आहे: तो तुम्हाला ‘दिदी’ म्हणतो, म्हणजे मोठी बहीण, आणि तुम्ही त्याला धाकटा. वयानं मोठा कोण? ‘बहादूर’ची तीच गत. ते अनेकांचं मधलं नाव असतं, आपण त्याची हाक करून टाकली. ‘गुरखा’ हा शब्द गोरखा या गावावरून आला, आणि तुमच्या बागेतली माणसं तिथली नसतीलही. त्याला साधं विचारा, ‘तुम्हाला काय म्हणू?’ मोठ्या भावाला ‘दाइ’ किंवा ‘दाजु’, धाकट्याला ‘भाइ’, धाकट्या बहिणीला ‘बहिनी’. (त्याच्या बायकोला आपल्या अंदाजानं ‘वहिनी’ म्हणालात तर तिला ‘बहिनी’ ऐकू येईल. चालेल, वाईट काही नाही त्यात.) मग फोन उघडा आणि ‘नेपाळी बाग 1’, ‘नेपाळी बाग 2’ अशी नावं साठवलेली असतील तर बदला. बाबांच्या फोनमधलीही.

जुनी सवय एका दिवसात जात नाही, तोंडातून ‘कांचा’ निघेलच. निघालं की लगेच नाव घेऊन वाक्य पुरं करा आणि पुढे जा. दर वेळी माफी मागत बसलात तर तुमची समजूत काढायचं जादा काम त्याच्याच गळ्यात पडतं.

चहाच्या टपरीवर किंवा लग्नाच्या मांडवात कोणी नक्कल केली, डोळे ताणून दाखवले, तर काय करायचं? हसू नका, हा अर्धा उपाय. उरलेला अर्धा म्हणजे एक छोटं वाक्य, आवाज न चढवता, आपल्याच बोलीत. ‘त्याला नाव हाय ना?’ किंवा नुसतं ‘म्हणजे काय?’ विनोदाचा अर्थ समजावून सांगायची वेळ आली की तो विनोद तिथंच विझतो. ज्याच्यावर विनोद झाला तो समोर असेल तर त्याच्याकडे वळून ‘तुम्हाला वाईट वाटलं का हो?’ असं विचारू नका, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर जातात. नंतर, वाटेत, एकट्याला विचारा: ‘मघाशी मी बोलले ते ठीक होतं का? पुढच्या वेळी बोलू की नको?’ तो ‘नको’ म्हणाला तर त्या प्रसंगी त्याचं ऐका. वयस्कर माणसासमोर तुमचं चालणार नसेल तर गावकरांपैकी (गावच्या मानकऱ्यांपैकी) कोणाला, किंवा तंटामुक्ती समितीत ऐकलं जाणारं माणूस असेल तर त्याला पुढे करा. वाडीत कोण बोललं यावर बरंच ठरतं, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

बाहेरून आलेल्या कल्पना म्हणून कोणी हे झटकलं तर महाड आपल्याच कोकणातलं गाव आहे याची आठवण द्या. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव 1923 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मंजूर झाला. महाड नगरपालिकेनं 1924 मध्ये चवदार तळं खुलं झाल्याचा ठराव केला. सुरबा टिपणीसांसारखे सवर्ण त्या कामात पुढे होते. तरी 20 मार्च 1927 पर्यंत ठराव कागदावरच राहिला. तळ्याचं पाणी त्या दिवशी ओंजळीत घेतलं ते डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्यामागून गेलेल्या हजारोंनी. टिपणीसांनी त्यांच्या वतीनं पाणी प्यायलं नाही, जागा आणि व्यवस्था उभी केली. आणि त्याच दिवशी ‘आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. तळ्याच्या दाव्यात उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडलं. शंभर वर्षांपूर्वीची अफवा आणि तुमच्या ग्रुपवरचा मेसेज यांची चाल एकच आहे. आणि चहाचा वेगळा कप कुठल्या जुन्या कपाटातून आला आहे तेही यावरून कळेल.

शाळेचं काम तुलनेनं सोपं आहे, पण ते आई-वडिलांच्या संमतीशिवाय करू नका. शिक्षण हक्क कायदा, 2009 हा 6 ते 14 वयाच्या ‘प्रत्येक’ मुलासाठी आहे आणि त्याच्या कलम 17 नुसार मुलाला मानसिक त्रास देण्यालाही बंदी आहे. आधी वर्गशिक्षकांना आई-वडिलांनी भेटावं, हवं तर तुम्ही सोबत. मागणी ठोस ठेवा: हजेरी घेताना मुलीचं पूर्ण नाव नीट उच्चारलं जावं, ‘चिंकी’ आणि तत्सम शब्द वर्गात चालणार नाहीत हे एकदा सगळ्यांना सांगावं, आणि मुलीला उभं करून ‘हिला असं म्हणू नका’ असं मात्र कोणी म्हणू नये. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. बागा आणि बोटींवरच्या कुटुंबांतला एक पालक तिथं असावा असं जूनच्या पालकसभेत सुचवा. शिक्षकांच्या हाती एक छान धागाही आहे. आपली कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी या तिन्ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत एकाच दिवशी, 1992 च्या 71 व्या घटनादुरुस्तीनं आल्या. सिक्कीम आणि दार्जिलिंगमध्ये नेपाळी बोलणारे लाखो भारतीय आहेत, तेव्हा नेपाळी बोलणारा प्रत्येक जण नेपाळचाच असं धरून चालू नका. नेपाळचा असला तरी 1950 च्या भारत-नेपाळ करारानं त्याला इथं राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. ‘हे बेकायदा आलेत’ हे वाक्य ऐकलंत तर एवढं सांगायला पुरे.

कायद्याचा भाग माहीत असावा, पण तो खिशात ठेवायचा. पोलिसांनी चौकशीला बोलावलं तर त्याला एकटं पाठवू नका. राज्यघटनेचं कलम 15 आणि 19 नागरिकांसाठी आहे, पण 14, 21 आणि 22 ‘कोणत्याही व्यक्तीला’ लागू होतात, म्हणजे त्यालाही. अटक झाली तर कारण सांगावं लागतं आणि 24 तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन 15100. मारहाणीची वेळ आली तर 112. समाजासमाजांत वैर पसरवणारा मजकूर भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 मध्ये येतो, त्याला 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बागेत दार्जिलिंगचा तामांग किंवा लिंबू कामगार असेल तर तो अनुसूचित जमातीतला. अॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण राज्याच्या सीमेपुरतं नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानं 2023 मध्ये म्हटलं आहे. मात्र तक्रार करायची की नाही हे ज्याच्यावर बेतलं त्यानं ठरवायचं. गुन्हा नोंदवून तुम्ही घरी जाता, तो बागेतल्या मांगरात एकटा झोपतो.

राहिले बाबा. ‘आपल्याला इथं राहायचंय’ हे त्यांचं म्हणणं भित्रेपणाचं नाही, खरं आहे. आणि राहायचं आहे म्हणूनच त्यांचा शब्द वाडीत चालतो, तुमचा अजून नाही. त्यांच्यापुढे वंशद्वेषाचं व्याख्यान नको. वही, हातमोजे, पाळ्या आणि ओळखपत्रं यांवर बोला, बागेचा मालक म्हणून त्यांना ती भाषा कळते. चांगला कामगार दुसऱ्या वर्षी परत येणं म्हणजे काय हे हापूसवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. वाडीच्या पुढच्या बैठकीत त्यांनी एवढंच म्हटलं की ‘माझ्या बागेतल्या तिघांची नोंद ठाण्यात आहे, काही शंका असेल तर आधी माझ्याकडे या’, तर तुमच्या सगळ्या मजकुराचं काम होईल. ज्यांचा हंडा गेला त्यांच्याकडेही एकदा जाऊन या, तक्रारीचं पुढे काय झालं ते विचारा.

आणि हिशोब करताना एक तारीख विचारून घ्या. नेपाळ्यांचा दशैं आपल्या घटस्थापनेला सुरू होऊन कोजागरीपर्यंत चालतो आणि विजयादशमीला घरच्या वडीलधाऱ्यांकडून टिका लावून घ्यायचा असतो. तिघांपैकी या वर्षी कोण जाणार, किती दिवस, हे आत्ता ठरलं तर वहीत लिहा. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि गोरखपूरकडच्या गाड्या सणासुदीला लगेच भरतात.